शेवटचे दहा सेकंद

“ताई, ‘रिकामी’नंतर जरा थांबा. रिकामी... मग खुर्ची,” काचेपलीकडून साउंडवाला म्हणाला.

दोघी बहिणींतली थोरली थांबली, ती अशी की त्याच्याच अंगावर काटा आला. टीव्हीवरच्या प्रचाराच्या जाहिरातीत समोरच्या उमेदवाराला झोडपायचं असलं की तिला बोलावणं यायचं. डोळे अर्धवट मिटलेले असतील असा त्याचा फोटो शोधून काढायचे, तो काळपट करायचे, खाली धडधडतं संगीत वाजवायचे आणि वर थोरलीचा आवाज. ती कधी आरोप करत नसे, नुसतं विचारायची. पूर आला तेव्हा हे कुठे होते? उत्तर लोक आपापल्या घरी देत. ही हातोटी तिची तिनेच कमावलेली.

वीस सेकंद तिचे. मग पडद्यावर ऊन पडायचं, मुलं धावायची आणि उरलेले दहा सेकंद धाकट्या बहिणीचे. त्यात आपल्या उमेदवाराचं नाव आणि ‘आता सगळं ठीक होईल’. दुकानात धाकटीने तोंड उघडलं की लोक वळून हसत. थोरलीने नुसता भाव विचारला तरी दुकानदार वजनकाटा पुसायला घेई.

धाकटीला या कामात आणलं थोरलीनेच. शब्द कुठे सोडायचा, श्वास कुठे लपवायचा, सगळं हिनेच शिकवलं. आता ते आठवलं की तिच्या पोटात दुखायचं.

त्या दिवशी नेमका धाकटीचा घसा बसला. थोरलीने तिला गरम पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि जाहिरातवाल्याला म्हणाली, “आज पुढचंही मीच वाचते.” इतकी वर्षं मनात घोळत असलेलं इतक्या साध्या आवाजात बाहेर पडलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

वाचलं तिने फार गोड. साउंडवाल्यानेही मान डोलावली.

दुपारी नेहमीप्रमाणे बारा जणांना बोलावून जाहिरात दाखवली. आवडेल तोवर बटण दाबून धरायचं. ऊन पडलं तेव्हा सगळ्यांनी बटणं दाबली. नाव आलं आणि बोटं उचलली गेली. जाहिरातवाल्याने कारण विचारलं तर एक आजीबाई म्हणाल्या, “ही बाई नाव घेतेय म्हणजे यानेही काहीतरी केलं असणार.”

सगळे हसले. थोरलीही हसली, बाकीचे थांबल्यावरही थोडा वेळ.

मग धाकटीने तेच दहा सेकंद बसक्या घशाने वाचले. ते त्याच बारा जणांना दाखवले, तर नाव आल्यावरही एकाचंही बोट बटणावरून उठलं नाही. त्याच आजीबाई हळहळल्या, बिचारी लोकांसाठी बोलून बोलून दमलीय.

जाहिरातवाल्याने अवघडत सांगितलं की पहिल्या वीस सेकंदांत एक वाक्य वाढवलंय, तेवढं घ्यावं लागेल. थोरली पर्स धाकटीकडे देऊन आत गेली, हेडफोन चढवला. विरोधी उमेदवाराचा फोटो समोर लावू का, असं साउंडवाल्याने विचारलं. ती नको म्हणाली. काचेतून तिने धाकटीकडे नजर रोखली आणि अगदी हळू विचारलं, “यांच्यावर तुम्ही विश्वास ठेवाल?”

पहिल्याच टेकला झालं. साउंडवाला म्हणाला, ताई, असं तुम्ही आजवर वाचलं नव्हतं.

काचेपलीकडे धाकटी टाळ्या वाजवत होती, पण आवाज येत नव्हता. थोरलीची पर्स खाली पडू नये म्हणून तिने काखेत घट्ट धरली होती.