अंगठ्याचा आवाज

धाकट्या भावाला, बुद्धप्रियला, बेस गिटार घ्यायची म्हणून मी कॉलेजात रजा टाकून त्याच्याबरोबर निपाणीहून बेळगावला आले, आणि दुपार झाली तरी पठ्ठ्याला एक गिटार पसंत पडेल तर शपथ. येत्या रविवारी कोल्हापूरच्या एका बँडनं त्याचं वाजवणं ऐकायला त्याला बोलावलं होतं. त्यांना स्लॅप वाजवणारा हवा होता. अंगठ्यानं जाड तार हाणायची, बोटानं बारीक तार उपसून सोडायची. ती पट्टीवर आपटून टचकन जो आवाज उठतो, त्यावरच सगळं. मिरवणुकांत वाजवण्यात त्याचं अर्धं तारुण्य गेलं. लोक बसून ऐकतील, असं वाजवायची ही पहिलीच संधी होती.

"मुर्दाड आवाज हाय," तो प्रत्येक गिटारीला म्हणायचा. "घोंगडीखाली वाजिवल्यागत."

दुकानदार सौरवनं हात टेकले. "दादा, तारा कोऱ्या हायत. ट्रेबलचा बारीक आवाज सगळा सोडलाय. ह्येच्या वर काय न्हाय."

मला तर तो आवाज कानात टोचत होता. कसले हे नखरे, म्हणून मी वैतागले, शेल्फवरची खंजिरी उचलली आणि त्याच्या डोक्यामागं जोरात हलवली. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. हा मान खाली घालून बटणं फिरवत राहिला.

जयंतीच्या मिरवणुकीत तो ट्रॅक्टरवर डॉल्बीच्या भिंतीला पाठ लावून वाजवायचा, तेही वर्षानुवर्षं. तसं उभं राहिलं की बेस हाडात शिरतो, म्हणायचा. त्याच्या कानातले बारीक आवाज तिथंच गेले होते.

लोक बघतायत म्हणून त्यानं मागं पाहिलं. माझ्या हातातली खंजिरी दिसली.

"आक्का, वाजिवलीस व्हय?"

"व्हय रं."

त्यानं गळ्यातली गिटार उतरवून ठेवली.

"डॉक्टरला दाखवूया," मी म्हणाले.

"रविवार झाल्यावर." मग सौरवकडं वळून म्हणाला, "आणि एक काढा."

त्यानंतर तो तार हाणायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. मला ते सहन होईना. चेहरा कोरा ठेवायचा मी खूप प्रयत्न केला, पण तांबड्या गिटारीचा आवाज कानात टचकन घुसला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"हीच बांधा," तो म्हणाला.