कोपराखाली चार बोटं

पेन्सिलची ती रेघ जराशी थरथरलेली होती, आणि तिच्या टोकाला मिस्त्रींनी एक फुली मारलेली — ही आपली रेघ, आपल्या मापाची, आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर… सकाळपासून ती तिसऱ्यांदा ही रेघ बघायला आली होती, हातात फडकं घेऊन, कारण स्वतःच्याच घरात नुसतं रिकाम्या हातानं उभं राहणं तिला अजून जमत नव्हतं. नळाच्या जागी भोक, खिडकीला गज नाहीत, ओल्या सिमेंटचा वास थेट घशात जातोय. तरी बरं वाटत होतं. उगाचच, पण चांगलंच बरं वाटत होतं.

"ओट्याची उंची काय ठेवू ताई?" काल मिस्त्रींनी विचारलं होतं, आणि ती बावळटासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती. ओट्याला उंची असते हे तिला माहीत नव्हतं थोडंच? सव्वीस वर्षं चांगलंच माहीत होतं. ती आपल्याला विचारतात, हे मात्र नवीन होतं.

"असते तेवढी ठेवा की, नेहमीची."

"नेहमीची कोणाची?" मिस्त्री म्हणाले. "रोज उभ्या राहता तशा इथे उभ्या राहा. आता हात कोपरात वाकवा." आणि कोपराखाली चार बोटं मोजून त्यांनी रेघ ओढली. बस्स, एवढंच, जन्मभराचं माप अर्ध्या मिनिटात उरकलं.

नेहमीची कोणाची… नेहमीची सासूबाईंची. सासूबाई चांगल्या उंच्यापुऱ्या, आणि जुन्या घरातला ओटा त्यांनी उभं राहून स्वतःसाठी बांधून घेतलेला, त्यांच्या पुढ्यात तो शोभायचा, आणि लग्न होऊन आलेली ही त्याच्यापुढे अशी, की जावेनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, ओट्यामागे कोणी आहे का?" सगळे हसले, तीही हसली. सासूबाईंनीच मग एक बुटकं स्टूल आणून दिलं — चढ यावर, म्हणाल्या, पडू नकोस हं — आणि त्या आवाजातली माया खोटी नव्हती. म्हणून तर सगळा घोटाळा. दुष्टपणा केला असता तर भांडले तरी असते. मायेनं दिलेल्या स्टुलाशी काय भांडायचं? स्टुलावर चढूनही मागच्या शेगडीपर्यंत हात पोचायचा नाहीच, टाचा उचलाव्या लागायच्या. पण सासूबाई गेल्या, घराच्या वाटण्या झाल्या, तोवर त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

"आहात का हो आत?" समोरच्या घरातल्या बाई पाण्याची कळशी घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता निवृत्त, आणि अजूनही चालताना कोणीतरी मागून रांगेत येत असल्यासारख्या चालायच्या. गल्लीत यायच्या आधी हिला धास्ती होती, शेजार कसा मिळतो कोण जाणे. आणि या बाई पहिल्याच दिवशी, तुमचा नळ तोडलाय तर पाणी आमच्याकडून घ्यायचं, असं बजावून गेल्या होत्या. विटांचे दोन्ही खांब रेघेपर्यंत आले होते, त्यांच्यावर मिस्त्रींची फळी आडवी पडली होती. बाईंनी कळशी फळीवर ठेवली, दोन्ही तळवे टेकवले आणि खूश झाल्या.

"वा, अगदी माझ्या मापाचा केलात की ओटा. आमचा मेला गुडघ्याला लागतो."

"तुमच्या?" ती म्हणाली. बाई तिच्यापेक्षा वीतभर तरी उंच होत्या. "अहो, हे माझं माप आहे. बघा ना." ती फळीपुढे जाऊन उभी राहिली, काल राहिली होती तशीच, कोपर वाकवून. चार बोटं बरोब्बर बसली.

खेळाच्या बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलंच नाही. त्या खाली बघत होत्या.

"टाचा टेकवा की हो."

तिनं मान खाली घातली. टाचा वर होत्या. दोन्ही. चांगल्या तीन बोटं वर, आणि कोणी सांगेपर्यंत तिला पत्ता नाही! टेकवल्या तशी फळी छातीकडे चढली, जुन्या ओट्यासारखी, हुबेहूब… म्हणजे काल, जन्मात पहिल्यांदा कोणी माझं माप घेत होतं, तेव्हा मी चवड्यांवर होते. तिला हसू आलं आणि हसता हसता इतका राग आला, की कोणाचा ते समजेना.

ओट्यावरचा दगड तीन वाजता येणार होता. एकदा तो बसला, सिमेंट धरलं, की पुढची वीस-पंचवीस वर्षं… म्हणजे संपलंच, तिच्यापुरतं तरी.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अगं, तीन बोटांनी काय होतंय?" तो समजुतीनं म्हणाला. "आणि स्टूल आहे ना तुझं! सामान चढवताना मी आठवणीनं, चादरीत गुंडाळून ठेवलंय, पाय मोडू नये म्हणून. तू काळजी नको करू."

सगळ्या धांदलीत, आपली स्वतःची कागदपत्रं जुन्या कपाटात विसरून आलेल्या या माणसानं स्टूल मात्र चादरीत गुंडाळलं होतं. काय बोलणार त्याला! जीव लावतो, तोही आईसारखाच. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला, आणि त्या 'बरं'चा अर्थ आपण अजून ठरवलेला नाही हे तिच्या लक्षात आलं.

मिस्त्री न्हाणीघरात गिलावा करत होते. तिनं दारात उभं राहून सांगितलं, "मिस्त्री, कालचं माप चुकलं."

"माझं माप चुकत नाही ताई." थापी न थांबवता.

"तुमचं नाही. मी टाचा उचलून उभी होते."

थापी थांबली. मिस्त्री तिच्या पायांकडे बघायला लागले, खेळाच्या बाई मागून येऊन बघायला लागल्या, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वरचा थर काढावा लागेल," मिस्त्री म्हणाले. "सकाळीच लावलाय, ओला आहे, निघेल. पण आत्ताच सांगा. दगड आल्यावर मी ऐकणार नाही."

राहू द्या, असं तिच्या ओठांवर तयारच होतं. ते नेहमी तयारच असायचं, आलेल्या-गेलेल्यासाठी उकळून ठेवलेल्या चहासारखं.

"काढा," ती म्हणाली.

विटा निघाल्या, थोड्या कुरकुरीसकट. मग मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल घेतली. "या. उभ्या राहा, रोज राहता तशा…" ते अडखळले आणि स्वतःशीच हसले. "नाही, तशा नको."

तिनं टाचा टेकवल्या. जमीन थंडगार होती, आणि पोटऱ्यांत काहीतरी ओढल्यासारखं दुखलं. खिडकीतून एरवी दिसणारा रस्ता दिसेना. समोरच्या घराची गच्ची तेवढी, आणि दोरीवरचे कपडे.

"झालं? मारू रेघ?"

टाचा टेकल्या होत्या, पण खांदे वरच होते, कानांच्या जवळ — हे तर तिला आत्ता कळत होतं — आणि खांदे वर असले की कोपरही वरच. ते कधीपासून तसे होते? लग्नाच्या आधीपासून की काय?

"नाही," ती म्हणाली. "थांबा जरा."

मिस्त्री पेन्सिल धरून थांबले. घमेल्यातलं सिमेंट सुकत होतं, कळशी उचलून दारात गेलेल्या खेळाच्या बाई तशाच उभ्या राहिल्या होत्या. आपल्यासाठी कोणाला असं ताटकळत ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, ती काही वाटली नाही. खांदे उतरत होते, थोडे, मग आणखी थोडे… नेमके कुठे येऊन थांबतील, आपण मुळात केवढ्या आहोत, ते अजून कळायचं होतं. आणि तिला मुळीच घाई नव्हती.