पादुकांमधला करंट

आटपाडीच्या बाजारतळावर माणसांचा लोंढा लोटला होता. मधोमध तेजोनाथ महाराजांची भगवी व्हॅन उभी. महाराज तिच्यातच राहत, झोपत आणि दारातल्या तांब्याच्या पादुकांमधून रोग्यांना 'सूर्यशक्ती' देत.

"वायर नाही, मीटर नाही, लाइट बिल नाही!" महाराज माइकवरून गर्जत होते. "चपला काढा, पाय धुवा, भुईत रोवलेल्या त्रिशूळाजवळ उभे राहा आणि गोळ्या पिंपात टाका! शक्तीला इंग्रजी औषध चालत नाही!"

प्राथमिक शाळेतली शिक्षिका समीक्षा वडिलांना शोधत गर्दीत घुसली. फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला होता. शेजाऱ्यांच्या नादी लागून ते रक्तदाबाच्या गोळ्यांसकट इथं आले होते.

ती पोचेपर्यंत गोळ्या पिंपात पडल्या होत्या. लालासाहेबांनी डाव्या हातानं उजवा उचलून पादुकांवर ठेवला. मेल्यासारखी बोटं ताडकन उडाली.

"हालली! पोरी, बोटं हालली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता गोळी न्हाई न् डाक्टर न्हाई!"

समीक्षानं कान टवकारले. महाराजांच्या आसनाखालून टक्, टक् असा आवाज येत होता. रानडुकरं हाकलायला तिच्या घरच्या मक्याच्या कुंपणाला लावलेलं झटका मशीन असंच वाजायचं. गर्दीतल्या निम्म्या लोकांच्या बांधावर ते होतं. भगव्या कापडाखाली गेल्याबरोबर त्याचा देव झाला होता.

ती रबरी चपलांसकट पुढं गेली आणि तिनं पादुकांवर हात टेकला. काहीच झालं नाही.

"चपला! पापिणी!" महाराज किंचाळले.

"का वं? तुमच्या शक्तीला रबर सोसत न्हाई व्हय?" तिनं आसनाचं कापड ओढलं. खाली बॅटरी होती आणि शेजारी मशीन.

"आयला, ह्यो तर आपल्या मक्यावरचा डबा!" जोतिबा मेंढपाळ ओरडला.

"त्योच!" समीक्षा म्हणाली. "टपावर सोलर पॅनेल हाय, त्येच्यावर बॅटरी भरती, बॅटरीवर मशीन चालतं. एक वायर पादुकांला, दुसरी तिरशुळाला. वल्ल्या पायानं भुईवर उभं ऱ्हायलं की झटका अंगातनं जातो. रबर त्येची वाट आडवतं. डुकराचा झटका ह्या नालायकानं आजारी माणसांस्नी दिला!"

महाराज स्टिअरिंगकडे पळाले, पण लोकांनी व्हॅनची वाट अडवली होती.

लालासाहेब हाताकडेच बघत होते. "म्हंजी हात बरा झाला न्हाई?"

क्षणभर तिला खोटं बोलावंसं वाटलं. "न्हाई, आण्णा. मशीननं हालवला. झटक्यानं स्नायू उडतोच. गोळ्या सोडल्या तर डावाबी जाईल."

 ते चारचौघांदेखत पिंपात वाकले आणि डाव्या हातानं आपली पाकिटं शोधू लागले.

समीक्षा गर्दीकडे वळली. "तुमीबी या. नाव वाचून आपापल्या गोळ्या घ्या. आन् पुन्यांदा कुणी चमत्कार दावला, तर पाया पडायच्या आदी कापड उचलून बगा."