डावीकडची पावलं

गेममध्ये सुमेध पुन्हा त्याच दारापाशी मारला गेला. शत्रू डावीकडच्या जिन्यावरून आला होता आणि त्याची पावलं सुमेधला ऐकूच आली नव्हती.

"भाई, आवाज इतना साफ आ रहा था," हेडफोनमधून राजदीप म्हणाला. तो त्यांच्या टीमचा कप्तान. रायपूरच्या स्पर्धेची तयारी चालली होती. "अपना सराउंड ठीक कर ले. नहीं तो किसी और को बिठाऊंगा."

रसमडा गावातल्या कारखान्यात दिवसभर लोखंड घासणारा ग्राइंडर चालवून आलेला सुमेध जेवणही न करता सेटिंगमध्ये शिरला. आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळवणारा कॉम्प्युटरमधला फुकटचा सराउंड लावला, तर सगळे आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखे घुमायला लागले. हेडफोनच्या कंपनीचा लावला, तर गोळीबार कानठळ्या बसवणारा आणि पावलं गायब. एका विकतच्या अ‍ॅपचा ट्रायल घेतला. त्यात पुढचं-मागचं बरं कळत होतं, पण डावी बाजू मेलेली. शेवटी गेममधलाच सराउंड लावला आणि अ‍ॅप बंद करायचं विसरला. दोन्ही एकमेकांवर चढले आणि नुसता गोंगाट झाला.

त्याने हेडफोन पलंगावर आपटला.

"तुटते ना, दादा," बहीण आम्रपाली म्हणाली. "कावून चिडून राहिला इतका?"

"सगळे भंगार आहेत. एकाचाही डावीकडचा आवाज धड नाही."

तिने हेडफोन कानाला लावला. चाचणीच्या हेलिकॉप्टरचा आवाज डोक्याभोवती फिरवून पाहिला. "मले तर गोल फिरलेलं ऐकू आलं. डावीकडूनही. तू उलटा घालून पाह बरं."

नाखुशीनेच त्याने उलटा घातला. आता डावा भाग उजव्या कानावर होता आणि तो खणखणीत वाजत होता. कमी ऐकू आलं ते पुन्हा डाव्याच कानाला.

"बस झालं तुझं," तो म्हणाला आणि त्याने तिला खोलीबाहेर काढलं.

तरी रविवारी ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणीच्या आलेखात डाव्या कानाची रेघ एका जागी खाली कोसळलेली दिसली. बारीक आवाज त्या कानाला जवळजवळ पोहोचतच नव्हते. डॉक्टरांनी कामाचं विचारलं, मग गोंगाट अडवायला कानात घालायच्या इअरप्लगचं. सुमेध म्हणाला, ते घातले की हाका ऐकू येत नाहीत म्हणून तो घालत नाही.

"ग्राइंडरच्या आवाजाने गेलंय ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलंय ते सांभाळा."

घरी येऊन त्याने हेडफोनवरून राजदीपला सगळं सांगितलं. राजदीप म्हणाला, "रायपुर में तेरी जगह चंदन खेलेगा. बुरा मत मानना."

सुमेधला वाईट वाटलंच. तो उठला, अंगणात दोन फेऱ्या मारून परत आला. चारही सराउंड त्याने एकेक करून बंद केले आणि दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करणारं मोनो लावलं. आता पावलं ऐकू येत होती, फक्त कुठून ते कळत नव्हतं.

"सरावाले तरी घेशील का?" त्याने राजदीपला विचारलं.

"आ जा. दिशा मैं बोलूंगा."

दोघं तो डाव हरले. सुमेधने एक शिवी गिळली आणि दुसरा डाव लावला.