कुरुळीची बाजरी

कुरुळीहून बाजरीची बैलगाडी आली तेव्हा प्रभावतीबाई कांबळे चिंचवड स्टेशनजवळच्या शेडमध्ये कपड्यांचे गठ्ठे बांधून घेत होत्या. नोव्हेंबर १९७१. पूर्व बंगालमधून पळून आलेल्या निर्वासितांसाठी इथल्या कामगारांनी मदत समिती काढली होती. एका कंपनीत कामगार कल्याणाचं काम पाहणाऱ्या प्रभावतीबाई समितीच्या प्रमुख होत्या. वॅगन शनिवारी निघणार होती. आज गुरुवार.

लक्ष्मणराव गाडीवरून उतरले. घरोघर फिरून त्यांनीच ही बाजरी गोळा केली होती. "नवी हाय बाई. खडा सापडायचा न्हाई."

बाईंनी मूठभर हातात घेतली. धान्य चोख होतं. पण गेल्या महिन्यात त्या सीमेवरच्या छावणीत जाऊन आल्या होत्या आणि कुठूनशी आलेली ज्वारी तिथं तशीच पडून होती. ते लोक भात खाणारे. छावणीत जातं नाही, भाकरी थापायची कुणाला सवय नाही. हे त्यांनी लक्ष्मणरावांना सांगितलं.

"मग माघारी न्यायची? गावाला काय सांगू?"

"विकून तांदूळ घेऊ."

"दानाचं धान्य इकायचं? गावात तोंड दाखवता यायचं न्हाई मला."

बाईंनी वाद घातला नाही. बाजरी परत गेली तर कुरुळी पुन्हा काही देणार नव्हती, आणि वॅगनमध्ये घातली तर ती कुणाच्या पोटात जाणार नव्हती. त्यांनी चहा मागवला.

"तुमच्या घरी सणासुदीला भात कुठला असतो, लक्ष्मणराव?"

"मावळातला. थोरली कामशेतला दिलीय. दरसाल आमची बाजरी तिकडं, त्यांचा तांदूळ..." बशी ओठांपाशीच थांबली. "व्हय की. ह्याला काय इकणं म्हनत न्हाईत."

शुक्रवारी समितीचा ट्रक बाजरी घेऊन कामशेतला गेला; बाई आणि लक्ष्मणरावही त्यातच होते. निरोप मिळाल्यामुळे व्याही कोंडाजींनी शेजारपाजारचाही तांदूळ ओट्यावर आणून ठेवला होता. मापं झाली, अदलाबदल पुरी झाली. मग कोंडाजींनी आणखी दोन पोती ट्रककडे ढकलली.

लक्ष्मणराव आडवे आले. "पाव्हणं, लेकीच्या घरचं फुकट न्यायचं न्हाई. मी हितं पाणीबी पीत न्हाई, ठावं हाय तुमाला."

"तुमाला कोण देतंय? घरदार सोडून तुमी आलाय का?"

"ट्रकात मी बसून आलोय ना."

"मग चालत जावा."

ट्रकवरचे हमाल हसले. लक्ष्मणराव हलले नाहीत.

"पोती समितीला देताहेत, ती मी घेतेय," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. पोत्याला मात्र बोट लावलं नाही. एका टोकाला कोंडाजी, दुसऱ्या टोकाला बाई, अशी ती दोन पोती ट्रकात चढली.

परतताना वडगावला लक्ष्मणरावांनी ट्रक थांबवायला लावला आणि ते हॉटेलात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.