साकवाआधीचा दिवा

मी घोडी बोलतेय. रंगाने तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि अख्ख्या तबेल्यात सगळ्यांत भित्री. कुणी छत्री उघडली की माझं धाबं दणाणतं. वाऱ्यावर पिशवी उडाली तरी पाचावर धारण बसते. एवढं मोठं धूड आणि काळीज चिमणीचं, म्हणून लोक हसतात. हसू देत.

खरी धास्ती होती ती ओढ्यावरच्या लाकडी साकवाची. पलीकडे मैदान, तिथेच सगळ्यांचा सराव. मी मात्र साकवाशी आले की चारी पाय रोवून उभी. एक दिवस मालकीणबाई स्पष्टच बोलल्या, "साकव ओलांडत नाही ती घोडी ठेवून मी करू काय? शाळेची सुट्टी संपेपर्यंत बघते, मग देऊन टाकते."

देऊन टाकलेला घोडा मी पाहिला होता. गाडीत चढताना तो सारखा मागे वळून बघत होता. त्या दिवसापासून मला चाराच गोड लागेना.

माझ्यावर बसायची ती मालकीणबाईंची भाची. शाळा संपत आलेली, वर्गात तोंड उघडायची नाही, पण खिशात कायम पाना. इंजिनिअर व्हायचं म्हणे. आत्या तिला 'मिस्त्री' म्हणायची. तबेल्यातला बंद पंप तिनेच खोलून चालू केला होता. साकवापाशी एकदा पडल्यापासून मात्र तीही माझ्यावर जीव मुठीत धरून बसायची.

तिला वाटलं, दोष साकवात आहे. मग ती खाली चिखलात उतरली, एकेक बोल्ट आवळला, फळ्यांवर रबर अंथरलं. साकव ठणठणीत झाला. मी तिथेच थांबले, पहिल्यासारखी.

मग तिने खोगिराला गुडघ्याजवळ काहीतरी बसवलं. गुडघा आवळला की घंटी वाजायची. वाटेत नेमके कुठे आपले गुडघे आवळतात ते तिला बघायचं होतं. पहिली घंटी वाजली मात्र, मी उधळले आणि मिस्त्रीबाई झुडपात. आत्या म्हणाली, "मिस्त्री, भित्र्या घोडीला कुणी घंटी बांधतं का गं?"

घंटी गेली, तिच्या जागी गुडघा आवळला की लागणारा छोटा दिवा आला. दुसऱ्या दिवशी आत्याने माझा लगाम धरला आणि आम्ही निघालो. वळणावर साकव दिसला. पोरीचे गुडघे माझ्या बरगड्यांवर आवळले, आणि माझ्या काळजात धस्स झालं. वर बसलेल्याला लांबचं दिसतं. हिला नक्की काहीतरी भयंकर दिसलंय, असंच मला दर वेळी वाटायचं. मी थांबले.

"आत्या, दिवा इथेच लागला," ती हळूच म्हणाली. "साकव अजून लांब आहे. आधी मी घाबरते गं, मग ही."

"मग आता?"

"थांबू. दिवा विझेपर्यंत."

आम्ही वळणावर उभ्या राहिलो. हळूहळू तिचा श्वास खाली बसला, गुडघे सैल पडले. निघालो. फळीवर पाय ठेवला तेव्हा भीती दोघींनाही होती. पण ती माझ्या कानाशी पुटपुटत होती, "हा बोल्ट मी आवळलाय. हाही मीच. चल." तिचे गुडघे पुन्हा काही आवळले नाहीत. पलीकडची माती पायाला लागली तेव्हा ती माझ्या मानेवर डोकं टेकून रडली. आत्याने दुसरीकडे तोंड केलं.

गाडी माझ्यासाठी आली नाही. पोरगी मात्र इंजिनिअरिंग शिकायला दूर गेली. जाण्याआधी म्हणाली, "कॉलेजच्या मुलाखतीत माझे गुडघे असेच आवळले. जरा थांबले, गुडघे सैल सोडले, मग बोलले."

आता माझ्यावर एक नवी लहानगी बसते, खोगिराला दिवा तोच आहे. छत्रीला मी अजून घाबरते. वळण आलं की तिचे गुडघे आवळतात, पण साकवात काही नाही, हे मला आता ठाऊक आहे. माझ्यावर बसाल तेव्हा खुशाल घाबरा, एवढंच माझं सांगणं. फक्त घाई करू नका. दिवा मला दिसत नाही, तो विझला की मला गुडघ्यांवरून कळतं. तोवर मी वळणावर उभी राहते.