करंट कुठवर आला

रविवारी सकाळचा चहा झाला की सासूबाई टेप, पेन्सिल आणि बॉलपेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या आणि हाक मारायच्या, "काचवाले, बोट घेऊन ये गं!"

जसं काही बोट आतल्या कपाटात ठेवलेलं असायचं.

काचवाली हे काही तिचं नाव नव्हे. पण दुकान काचेचं. बारा वर्षं खिडक्यांच्या काचा तिने कापल्या, उचलल्या, बसवल्या, आणि संध्याकाळी दिराच्या बँडमध्ये गिटार वाजवली. दुकानात, बँडमध्ये, घरात, सगळीकडे ती काचवालीच. तिला ते आवडायचंही. अमक्याची बायको म्हणवून घेण्यापेक्षा केव्हाही बरं.

एका दुपारी काच रेघेवर मोडायची ती वाकडी मोडली आणि डाव्या हाताचं पहिलं बोट बुडाशी हाडापर्यंत चिरलं. दोन्ही बाजूंच्या नसा तुटल्या. सर्जनने त्या शिवल्या, चांगल्या शिवल्या, त्याबद्दल तक्रार नाही. टाके काढताना मात्र म्हणाला, "बोट वाचलं तुमचं. कामापुरतं चालेल."

"कुणाच्या कामापुरतं?"

"म्हणजे घरकाम, दुकान…"

"मी गिटार वाजवते."

"वा वा, छंद असावा माणसाला," असं म्हणून त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलंसुद्धा.

छंद! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुरुषाने वाजवलं की कला आणि बाईने वाजवलं की छंद, आणि वर ते हसून सांगायचं. ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचाही शिवणकामाचा छंद बरा आहे हं." बाहेरच्या बाकावरची माणसं हसली. तेवढंच समाधान.

हाताचे व्यायाम करून घेणारी मुलगी मात्र शहाणी निघाली. तिने सगळं फोड करून सांगितलं. नस तुटली की तिथून शेंड्यापर्यंत बोट बधिर होतं. मग जोडलेल्या जागेपासून नस पुन्हा वाढायला लागते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. "आठवड्यातून एकदा बुडापासून टिचक्या मारत जा. नस जिथवर पोचली असेल तिथे करंट बसेल. तो पुढे सरकतोय ना, एवढंच बघायचं."

सासूबाईंनी त्याच दिवशी टेप लावला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई ती, माप घेतल्याशिवाय कशाशीच बोलत नाही. जखमेपासून शेंड्यापर्यंत साठ मिलिमीटर.

पहिला महिना काहीच नाही. बोट म्हणजे हाताला चिकटवलेली मेणबत्ती. पाचव्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "डोळे मीट. चोरून बघायचं नाही." पेन्सिलीचं मागचं टोक टकटक करत चाललं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो, आई."

"इथे?"

"अगं आई गं! बसला! बसला करंट!" ती खुर्चीतून अशी उडाली की कप खाली.

"दहा मिलिमीटर," सासूबाईंनी बॉलपेनने बोटावर रेघ ओढली. "खाली बस. करंट तुला बसलाय, माझे कप कशाला फोडतेस?"

तेव्हापासून रविवार म्हणजे मॅचचा दिवस. सतरा. चोवीस. नवरा दुकानातून फोन करायचा, "किती झाले?" आणि ती गॅलरीतून ओरडून शेजारणीलाही आकडा सांगायची. रेघ धुऊन जाऊ नये म्हणून भांडी घासायचं काम नवऱ्याकडे गेलं, आणि ते तिने पुढे परत मागितलंच नाही.

घाईला कारण होतं. सतराव्या आठवड्यात बँडचा मोठा कार्यक्रम होता. सहाशे खुर्च्यांचा हॉल, आणि आजवर दुसऱ्यांच्या समारंभात कोपऱ्यात वाजवणाऱ्यांना पहिल्यांदाच लोक मुद्दाम ऐकायला येणार होते. बारा वर्षं ती याच दिवसासाठी वाजवत आली होती. तोवर बोट आलं नाही तर तिच्या खुर्चीवर नवा बसणार. नवा म्हणजे दिराने तात्पुरता आणलेला गिटारवाला. बोटं चपळ, आणि गाणं कुठे थांबतं ते कळायची अक्कल शून्य.

आणि नेमका करंट मधल्या पेराशी येऊन अडला. आठव्या रविवारी तिथेच. नवव्या रविवारी दीर दारात येऊन उभा. "वहिनी, पोस्टर छापायला टाकायचंय. फोटो तुमचा टाकू की नव्याचा?"

तिने डोळे मिटले. 

"इथे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"इथे?"

घड्याळाची टिकटिक. दिराच्या चपलांची चुळबुळ.

"हो," ती म्हणाली. "बसला."

"आणि इथे?"

"हो! इथेही!"

दिराने टाळी वाजवली. सासूबाईंनी पेन्सिल उचलून टेबलावर आपटली. "शेवटच्या दोन्ही वेळा ही माझ्या मांडीवर होती. मी हात लावलाच नव्हता."

तिचा चेहरा खाडकन पडला.

"चाळीस वर्षं मापं घेतली मी," सासूबाई कडाडल्या. "पोट आत ओढून उभी राहणारी गिऱ्हाइकं बघितलीत. कपडा मग त्यांनाच घट्ट होतो. मला फसवून काय मिळणार होतं गं तुला?"

चूक कळली तरी माघार घेईल ती काचवाली कसली. तणतणत आत गेली, गिटार घेऊन आली. "वाजवून दाखवते. गा, भावजी!"

दीर गायला लागला. तिने पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकलं आणि दाबलं. चार तारा वाजल्या, दोन ठप्प. आणखी दाबलं. तरी ठप्प. आणखी जोर लावला. दीर गाता गाता थांबला.

"वहिनी, रक्त."

दोन महिने तार न लागल्याने मऊ पडलेली कातडी फाटली होती, गिटारच्या मानेवरून ओघळ मनगटापर्यंत आला होता, आणि तिला पत्ताच नव्हता. पोस्टरवर नव्याचा फोटो छापला गेला.

पुढच्या रविवारी तीच आधी टेबलाशी जाऊन बसली. "आई, आज नाही तर नाही म्हणेन."

"म्हण."

आणि त्याच दिवशी करंट पेर ओलांडून गेला! बत्तीस! मग एकोणचाळीस, सेहेचाळीस, त्रेपन्न. चौदाव्या रविवारी पेन्सिल शेंड्यावर टेकली आणि ती इतक्या जोरात किंचाळली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली.

पण करंट म्हणजे स्पर्श नव्हे. मग सासूबाईंनी शिलाईचा डबा काढला. डोळे मिटून बटण ओळख, दोरा ओळख, हुक ओळख. चुकलं की सासूबाई "नापास" म्हणायच्या, आणि मजेत म्हणायच्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी हॉलमध्ये तालीम चालू असताना दोघी दारातून आत शिरल्या. एकीच्या खांद्यावर गिटार, दुसरीच्या काखेत डबा.

दीर स्टेजवरून म्हणाला, "वहिनी, मागच्यासारखं होणार असेल तर…"

"म्हणून तर आईंना आणलंय."

"आई काय, तुमचीच बाजू घेणार."

"मी?" सासूबाई भडकल्या. "आहे का तुला अक्कल?"

"मग तुम्ही घ्या परीक्षा, भावजी," ती म्हणाली आणि डोळे मिटून हात पुढे केला.

दिराने नव्याकडून तुटलेल्या तारांचे दोन तुकडे घेतले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या.

"ही?"

"जाडी. वेटोळ्यांची."

"ही?"

"बारीक. साधी."

"आणि ही?"

ती थांबली. सगळा हॉल थांबला. बारीक म्हणावं की जाडी? एक शब्द बरोबर पडला की खुर्ची तिची. ती बोटाच्या शेंड्याशी जाऊन बसली, कान देऊन बसावं तशी.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की? नीट बघा."

"बोटावर काहीच नाहीये, भावजी. उगाच घाम काढू नका. खुर्ची द्या."

तिने डोळे उघडले. दिराचे दोन्ही हात पाठीमागे होते, आणि तो लहान पोरासारखा दात काढून हसत होता.

"मापात बसली," सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन टेकल्या.

तिने गिटार मांडीवर घेतली, बोट आडवं टाकलं, दाबलं. "आई गं!"

"काय झालं?" दीर दचकला.

"दुखतंय!"

"मग थांबा ना…"

"थांबू कशाला? अहो, दुखतंय! कळतंय का तुम्हाला, दुखतंय!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खदाखदा हसत होती. मग नव्याकडे वळली. "ऐक रे. सातपैकी दोन गाणी माझी, पहिलं आणि शेवटचं. त्यापुढे ही कातडी टिकणार नाही. मधली पाच तुझी. पोस्टर राहू दे तुझंच. पुढच्या पोस्टरवर मात्र मी असणार, आत्ताच सांगून ठेवते."

नवा हसला आणि स्वतःहून खुर्चीवरून उठला.

ड्रमवाल्याने चार ठोके मोजले. तिने दात आवळले, बोट दाबलं आणि उजवा हात खाली ओढला.

सहाच्या सहा तारा वाजल्या.